नवमीला पेटलेली भट्टी

बैल घ्यायचा असला की वाटूरच्या आसपासच्या दहा गावांतली माणसं आधी माझ्या दारात येतात. "बद्रीनाथराव, जरा नजर टाकायला चला." मी जातो. दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि शेवटी मालकाच्या तोंडाकडे बघतो. बैल खोटं बोलत नाही, मालक बोलतो. तीस वर्षांत माझी पारख दोनदाच चुकली. एकदा एका तांबड्या खोंडात, आणि ती गोष्ट मी चारचौघांत हसत सांगतो. दुसऱ्यांदा माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत चुकली. ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

उषा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून तिला खांद्यावर मीच खेळवलं आणि तिच्यासाठी घरही मीच पाहिलं. नवरा भुजंग. जमीन म्हणाल तर दीड एकर माळ, पण माणूस कष्टाळू आणि तोंडात साखर. अठ्ठ्याऐंशी साली तो जालन्याला, एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या मिलमध्ये लागला. तापून लाल झालेली सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या रोलात, म्हणजे फिरत्या लोखंडी लाटण्यांत घालायची, असलं काम. तेव्हा जालन्याचा थाट होता. 'जालना सोने का पालना' असं जो तो म्हणायचा, ज्यांनी जालना पाहिलं नव्हतं तेही म्हणायचे. भुजंग सणावाराला गावी यायचा, तेव्हा त्याच्या हातांवर भाजल्याचे डाग असायचे आणि पिशवीत पोरांसाठी जिलेबी.

उषा मात्र सासरच्या गावातच राहिली, आमच्यापासून चार कोसांवर. नव्वद साली तिला अंगणवाडी मिळाली. सातवी पास झालेली सून त्या गावात ती एकटीच होती. समाजमंदिराच्या एका खोलीत तीसेक पोरं, त्यांची वजनं, त्यांची गाणी, त्यांची शेंबडी नाकं. गावातले म्हातारेसुद्धा तिला 'बाई' म्हणायला लागले. आमच्या घराण्यात कुणाच्या नावापुढे असं काही लागलं नव्हतं. माझी छाती फुगायची.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात ती एक चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. भुजंगानं लिहिलं होतं, की शेठ मिलच्या आवारात दोन खोल्या देतो आहे, तू पोरांना घेऊन ये, मला एकट्यानं आता होत नाही.

"मंग जा की," मी म्हणालो. "अकरा वर्सं झाली. नवरा तिकडं आन तू हिकडं."

"जायला काय, दादा, आत्ता जाईन. पण लोक म्हणून राह्यलेत, जालन्यातल्या मिला बंद पडून राह्यल्यात. आज ही, उद्या ती. आन अंगणवाडी एकदा सोडली का सोडली. गावातल्या झुंबरबाईची शिकलेली नवी सून माझ्या जागेवर टपूनच बसली हाय."

"दाजीला इचार."

"त्यांला इचारलं तर ते म्हणत्यात, तू ये तर." ती हसली, पण नुसती ओठांनी. मग म्हणाली, "पोरगी द्यायच्या आधी आपण घर बघायला जातो का न्हाई? तसं तू एकदा जालना बघून ये. तू बघितलं म्हंजे म्या बघितलं. तू हो म्हणलास तर जाते, न्हाई म्हणलास तर ऱ्हाते."

एवढं ओझं कुणी अंगावर टाकलं तर शहाण्या माणसानं जरा वाकून चालावं. मी ताठ झालो.

मी भुजंगाला निरोप धाडला, केव्हा येऊ? त्याचा निरोप आला, खंडेनवमीला या. त्या दिवशी मिलमध्ये पूजा असते, तुमचा मानपान होईल. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. पाहुण्याला सणाच्या दिवशीच बोलावतात.

गेलो. फाटकाला आंब्याचं तोरण, आत झेंडूच्या माळाच माळा. रोलांना तेल लावून असं चमकवलं होतं की त्यात तोंड दिसावं. चिमटे, घण, पाने ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं. सगळे कामगार धुतल्या कपड्यांत, कपाळाला गंध. भट्टी धडधडत होती. बाजूला जनरेटर गर्जत होता. नारळ फुटला, आणि भुजंगानं पुढे होऊन भट्टीतून आलेली लाल सळई चिमट्यात धरली, अंगाला एक झोक देऊन रोलात घातली. ती दुसऱ्या बाजूनं लांब होऊन निघाली तेव्हा माणसांनी जयजयकार केला. माझ्या अंगावर काटा आला. शेठनं स्वतःच्या हातानं मला बुंदी दिली आणि म्हणाला, "भुजंग आमचा घरचा माणूस आहे."

नंतर भुजंगानं खोल्या दाखवल्या. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे नळ. पोरांची शाळा चालत जाण्याइतकी जवळ.

आता खरं सांगतो. फाटकातून आत ट्रक जातात त्या चाकोरीत हरळी उगवलेली मी पाहिली होती. बोटभर नाही, चांगली घोट्याएवढी. माझ्यासारख्या माणसाच्या नजरेतून असलं काही सुटत नाही, आणि सुटलंही नव्हतं. मी मनाशी म्हणालो, यंदा पाऊस बरा झाला. जनरेटरही मला श्रीमंतीचीच खूण वाटला. ज्या माणसाला बुंदी देऊन 'पाव्हणे' म्हणतात त्याचे डोळे तसेही अर्धे मिटलेले असतात.

भुजंग मला बसस्टँडवर सोडायला आला. बस लागली तशी म्हणाला, "दादा, आज सण व्हता. एकदा असंच या, कोणत्याबी दिवशी. बिगर सांगता."

"मला एकदा बघितलं की बस हाय, दाजी," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा बघायची मला सवय न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली आणि म्हणाला, "बराबर हाय. तुमच्या नजरेला कोण काय सांगणार."

येताना मी थेट उषाच्या गावी उतरलो. शेजारणी बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच मी सगळं वर्णन केलं. भट्टी, रोल, शेठ, बुंदी. "डोळे झाकून जा," मी म्हणालो. पोरांनी तिथंच उड्या मारल्या. उषानं आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला. साखर दुप्पट घातली होती.

त्यानंतरच्या आठवडी बाजारात मला रखमाजी भेटला. हा जनावरांचा व्यापारी, वीस वर्षांची ओळख. त्याचा पोरगा जालन्याला मिलमध्ये आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात त्याला नवमीच्या पूजेचं सांगायला लागलो. त्यानं मधेच थांबवलं.

"कोणती मिल? तीच ना, पिवळ्या फाटकाची? माझं पोरगं तिथंच व्हतं. आखाडापासून घरी बसून राह्यलं. मिल बंद हाय, बद्रीनाथराव."

"कसली बंद! म्या माझ्या डोळ्यांनी भट्टी पेटलेली बघितली."

"ते पूजेपुरतं. थंड्या भट्टीची पूजा करत न्हाईत, अपशकुन असतो. त्या दिवशी समद्यांना बोलावत्यात, लाइट तोडलेली म्हणून भाड्यानं जनरेटर आणत्यात, शकुनाची एक सळई काढत्यात, आन सांजच्याला पुन्हा कुलूप. तुमच्या दाजीला राखणीला ठिवलं हाय शेठनं. चांगला माणूस म्हणून."

मी एका गाडीच्या जुवावर बसलो. पोळ्याच्या दिवशी बैल घेऊ नये हे मी लोकांना तीस वर्षं सांगत आलो. त्या दिवशी मरतुकडंही शिंगं रंगवून, झूल घालून राजासारखं दिसतं. आणि मी स्वतः खंडेनवमीला मिल पाहून आलो होतो! लाज वाटली, राग आला, भुजंगाचा आला, रखमाजीचाही आला. माझा मला यायला थोडा वेळ लागला.

घरी आल्यावर नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबवून म्हणाली, "मंग बसलात कामून? जा आत्ता, सांगून या. तिनं राजीनामा दिला न्हाई आजून."

"काय सांगू? तिच्या आळीत, चार बायांसमोर बोललोय म्या."

"चार बायांचं काय घेऊन बसलात! चुकलं म्हणा. एवढंच तर हाय."

"तुला काय कळतं त्यातलं," मी खेकसलो. एवढंच तर होतं. पण मला तेवढंच जमत नव्हतं. दहा गावं माझ्या शब्दावर बैल घेतात. उद्या म्हणतील, ह्याला बहिणीचं घर ओळखता आलं नाही. मी ठरवलं, भाऊबीजेला ती येईलच, तेव्हा निवांत सांगू. मधले पंधरा दिवस रोज सकाळी मी म्हणायचो, आज जावं, आणि रोज काहीतरी काम निघायचं.

भाऊबीजेला ती आली. नवी साडी, अंगावर कधी नव्हतं असं तेज. पाट मांडला, मला ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली तर तिनं ती परत माझ्या हातात दिली.

"मला औंदा काही नको, दादा. तू माझ्यासाठी जालन्याला जाऊन आला, तीच माझी ओवाळणी." मग हळूच म्हणाली, "परवा राजीनामा देते. तीस लेकरं हायत रे, जीव तुटून राह्यला. पण ह्यांच्या जेवणाचे लई हाल हायत. आन तू बघितलंय म्हणल्यावर मला घोर न्हाई."

नंदा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. जिभेवर सगळे शब्द होते, मिल बंद आहे, मी फसलो, जाऊ नकोस. आणि मी म्हणालो, "बरं, जपून ऱ्हा."

टेम्पोत सामान भरायलाही मी गेलो होतो. गावातली पोरं टेम्पोमागे फाट्यापर्यंत पळत आली, "बाई, बाई" करत. झुंबरबाईची सून महिन्याभरात अंगणवाडीत रुजू झाली.

संक्रांत झाल्यावर मी जालन्याला गेलो, कोणाला न सांगता. पिवळ्या फाटकाला साखळी होती. भुजंग आत स्टुलावर काठी घेऊन बसला होता. आवारात इतकी शांतता की चिमण्यांचा आवाज येत होता. एकट्या त्या मिलचं कशाला, अख्ख्या रस्त्यानं चारच धुराडी चालू होती. भुजंग उठला, माझ्या पाया पडला, पण डोळ्याला डोळा देईना. मीही देत नव्हतो.

उषा एका बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला जायला लागली होती. खराब, किडकं बी बाजूला काढायचं, दिवसभर मान खाली. ती दुपारनंतर आली. हात धुतले, चूल पेटवली, मला जेवायला वाढलं. तिथं तिला कुणी बाई म्हणत नव्हतं. शेजारीण दारातून म्हणाली, "ए उषा, पाणी आलंय गं." ती दोन घागरी भरून आली आणि माझ्यासमोर बसली.

"दादा, एक इचारू? राग मानू नको."

"इचार."

"हे म्हणत्यात, दादानं समदं बघितलं व्हतं, समजून-उमजूनच हो म्हणाले. म्हणून त्यांनी मला येगळं काही सांगितलं न्हाई. तुला ठाऊक व्हतं का रे, मिल बंद हाय म्हणून? म्या राजीनामा द्यायच्या आधी?"

बाजारात मी मालकाच्या तोंडाकडे बघतो तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती, फक्त तिला पकडायचं काही नव्हतं. तिला नुसतं ऐकायचं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "मला कुठून ठाऊक असणार?"

तिनं मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांचा काटा निघावा तसा तिचा चेहरा मोकळा झाला.

"म्या ह्यांला हेच सांगितलं," ती म्हणाली. "म्हणलं, ठाऊक असतं तर दादानं मला येऊच दिलं नसतं." आणि तिनं टोपल्यातली शेवटची भाकरी माझ्या ताटात वाढली.