घडीच्या खुर्चीचे पन्नास मैल

मी घडीची खुर्ची बोलतेय. चार बारके लोखंडी पाय, निळं कापड आणि उजव्या हाताशी बाटली ठेवायला जाळीचा खिसा, बास. कारखान्यात आम्ही रोज हजारांनी जन्मायचो, तेव्हा माझ्या जन्माचं कौतुक कोण करणार? छत्रीसारखं पिशवीत कोंबलं आणि दिलं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला पाठवून.

तिथल्या एका दुकानात लॉयड पेट्रॉस्कीनं मला उघडलं, बसून दोनदा हलवून बघितलं आणि बायकोला म्हणाला, "नॅडीन, ही आपल्या मापाची आहे." लॉयड आडदांड गडी. खाणीतली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. नॅडीन शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढायची. पुढची सहा-सात वर्षं मी त्यांच्याबरोबर नातीचे बेसबॉलचे सामने पाहिले, चर्चच्या सहली केल्या, तळ्याकाठी मासे धरले. माणसं बसताना 'हुश्श' म्हणतात, उठताना 'आई गं' म्हणतात आणि मधल्या वेळात दुसऱ्यांबद्दल बोलतात. हे मी एवढ्या वर्षांत नीट पाहून ठेवलंय.

मग लॉयडच्या खुब्यात धातूचा सांधा बसवला आणि सहली बंद झाल्या. मी गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यामागे पडले. चार वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू!

मला पुन्हा बाहेर काढलं ते नॅडीनच्या शर्यतीमुळे. छप्पन्नाव्या वर्षी बाई पळायला लागली. तेही थोडंथोडकं नाही, पन्नास मैल, बारा तासांच्या आत! गावातून पूर्वी कोळशाच्या गाड्या जायच्या. आता रूळ काढून तिथं डांबरी वाट केलीय. त्या वाटेनं पंचवीस मैल जायचं आणि तेवढंच परत यायचं.

"अगं, मोटारीनं जायलासुद्धा कंटाळा येईल एवढं अंतर आहे," लॉयड म्हणाला.

"नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर सोडला, पियानो सोडला, तुझ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरला अजून एकच बाही आहे," नॅडीन म्हणाली. "हे एक तरी मला पुरं करू दे. आणि ऐक, खुर्ची आणायची नाही. लांब पळणारा माणूस एकदा खुर्चीत टेकला की संपला, असं सगळे सांगतात."

"बरं बाई," म्हणाला लॉयड आणि मला गुपचूप गाडीत टाकलं. "माझ्या खुब्यासाठी गं," असं तिथं पोचल्यावर सांगितलं. पण मला त्याचा स्वभाव माहीत आहे. बायकोला दमलेली बघणं त्या माणसाला जमतच नाही.

एप्रिलमधला थंड शनिवार होता. सकाळी सहाला शर्यत सुटली. वाट जिथं जिथं सडकेला छेदायची तिथं लॉयड गाडी थांबवायचा, मला मांडायचा, उकडलेले बटाटे आणि मीठ काढून ठेवायचा. नॅडीन आली की म्हणायचा, "बस की जरा."

"बाजूला कर ती!" ती पळता पळताच ओरडायची.

पण तिची एक चूक झाली. डोंगरातल्या शर्यतीत चढ आला की सगळे चालतात, पायांना विसावा मिळतो. रेल्वेच्या वाटेला चढच नाही. वाट कशी, ताटासारखी सपाट. चालायला निमित्तच मिळेना, म्हणून बाई पहिले वीस मैल एका दमात पळाली. तेच स्नायू, तेच डांबर, एकसारखे दणके. तिसाव्या मैलाला मांड्या दगड झाल्या. अडतिसाव्याला पेटके जावेत म्हणून ती काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी प्यायली आणि लगेच ओकली. लॉयडचा चेहरा पांढराफटक पडला.

पंचेचाळिसाव्या मैलाला जुनं स्टेशन लागतं. तिथं अर्ल नावाचा पांढऱ्या दाढीचा स्वयंसेवक धावणाऱ्यांना खाऊपिऊ घालत होता. त्यानं पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, 'खुर्चीत बसाल तर फसाल'. मी त्या पाटीखालीच उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पण माझा तरी काय इलाज? बसवून घेणं हाच माझा धंदा.

पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. नॅडीन लंगडत आली. डोळ्यांत पाणी. आणि प्रथमच ती सरळ माझ्याकडे आली.

"झालं लॉयड. दे खुर्ची."

सगळा दिवस 'बस, बस' म्हणणारा तो माणूस. दुसऱ्या कुठल्याही मैलाला त्यानं तिला हात धरून बसवलं असतं. मी कापड ताणून तयार राहिले. तर याचं काय बिनसलं कोण जाणे, त्यानं एक पाऊल मागे घेतलं आणि दाणकन स्वतःच माझ्यात बसला!

"जागा नाही," तो म्हणाला.

"लॉयड, ऊठ."

"नाही उठत. खुबा दुखतोय माझा. पाच मैल राहिलेत, तू हो पुढं."

"दगड आहेस तू! माणूस नाहीस!"

"असेन. जा."

तिनं हातातला बटाटा त्याला फेकून मारला. कपाळावर बसला. अर्ल तोंड फिरवून हसत होता. ती रडत, शिव्या देत चालू लागली. लॉयडनं माझे दांडे घट्ट धरून ठेवले होते.

"गाडी काढ की आता," अर्ल म्हणाला.

"कशी काढू? वाट सरळसोट आहे. ती मागं बघतेय."

खरंच बघत होती. ती एकदा वळली. मग पुलाजवळ वळली. ठिपक्याएवढी झाली तरी थांबून वळलीच. प्रत्येक वेळी तिला भरलेली खुर्ची दिसली. लॉयडच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं, पण गडी जागचा हलला नाही. ती दिसेनाशी झाल्यावरही हलेना. "परत फिरली तर?" एवढंच म्हणायचा.

पावणेसहाला उठायला गेला तर खुबा आखडलेला! अर्ल आणि आणखी दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा माझं कापड टर्रकन उसवलं आणि लॉयड बाहेर आला. शेवटाला पोचलो तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आवराआवर सुरू होती. मला काखोटीला मारून तो गर्दीत वेड्यासारखा शोधत सुटला.

नॅडीन गवतावर पाय पसरून बसली होती. गळ्यात पदक. वेळ संपायला सात मिनिटं असताना पोचली होती.

"कुठं होतास रे?"

"खुर्चीत. निघताच येईना."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. "तीनदा वळून बघितलं मी," ती म्हणाली. "एकदा जरी तू उठलेला दिसला असतास ना, तर मी आले असते परत."

लॉयडनं मला उघडलं, हातानं कापड झटकलं आणि तिला धरून बसवलं. उसवलेल्या शिवणीनं मी तिला कशीबशी पेलली. आजवर पुष्कळांना बसवलं, पण इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

आता मी स्वयंपाकघराच्या दाराशी असते. पुढच्या वर्षी शंभर मैल पळायचं नॅडीननं ठरवलंय. लॉयड नवी खुर्ची आणू म्हणतोय. अरे बाबा, नको आणूस! दोन टाके घाल, पायांना थोडं तेल दे, एवढंच मागणं आहे माझं. हिला कधी बसवायचं आणि कधी नाही, ते आता कुठं आपल्या दोघांना कळायला लागलंय.