कासवाचं उत्तरमुखी घर

शेजारच्या मोघे बाईंची बदली झाली आणि त्यांचं पंचवीस किलोंचं कासव शरयूच्या पिपरी मेघेतल्या अंगणात आलं. "याला कोरडी जमीन आणि भरपूर ऊन लागतं," एवढं त्या जाताना बजावून गेल्या होत्या. पण शरयूच्या नवऱ्यानं, कृष्णकांतनं, विचारलं वास्तुवाल्याला. कासवाचं तोंड उत्तरेकडे असलं की घरात बरकत येते म्हणे. झालं, त्यानं विटांचं पक्कं घर बांधून घेतलं. दार एकच, तेही उत्तरेला, आणि कासव बाहेर पडू नये म्हणून जाळीनं बंद. पौषातलं ऊन त्या दाराकडे ढुंकूनही पाहत नव्हतं.

आठव्या दिवशी कासवानं पालकाला तोंड लावलं नाही. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सब्बल उचलली आणि त्या घराची दक्षिणेकडची भिंत फोडायला घेतली.

"अगं, काय करून राह्यली? दक्षिण यमाची दिशा आहे," कृष्णकांत धावत आला.

तिनं आणखी एक वीट पाडली. कासवाच्या पाठीवर उन्हाची तिरीप पडली.

"देव्हाऱ्यातलं पितळेचं कासव वाटलं काय हे तुम्हाले?" ती म्हणाली. "यम तर आठ दिवसांपासून तुमच्या उत्तरेच्या दारातच बसून राह्यला."