मागच्या सीटवरचा कान

अण्णांच्या गॅरेजमधून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. नर्सबाईंची गाडी मात्र महिन्याभरात तिसऱ्यांदा दारात उभी होती.

"पूर्वी पेशंट माझ्या सुईला घाबरायचे," नर्सबाई उतरता उतरता म्हणाल्या. "आता गल्लीच्या तोंडाशी खटखट ऐकूनच पांघरूण ओढून घेतात. शॉकअप नवे झाले, बुश नवे झाले. आज नाही जमलं तर सरळ सांगा अण्णा, मी दुसरीकडे दाखवते. राग धरू नका."

राग अण्णांनी धरला नाही. हातातल्या फडक्याची तेवढी तीनदा घडी घातली आणि तीनदा मोडली. ते सुनेनं पाहिलं.

अकरा वर्षं ती सासऱ्यांच्या हाताखाली काम करत होती. नवऱ्याला ग्रीसच्या वासानं मळमळायचं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि वडिलांनी पाने बायकोच्या हाती दिले म्हणून सुटलो बुवा म्हणायचा.

आवाज शोधायची या गॅरेजची एक रीत होती. रेडिओ बंद, काचा खाली, डिकीतलं सगळं बाहेर, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा. गाडी सुनेनं चालवायची, अण्णांनी मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकायचं, आणि परत येईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. आधी कान, मग पाना. सुनेनं इंजिनं उतरवली होती, गिअरबॉक्स खोलले होते, पण मागच्या सीटवर ती एकदाही बसली नव्हती. ती अण्णांची गादी होती.

आजही तसेच निघाले. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली, एकदम उतरली. आवाज नाही. गाडीला दणका बसला तशी आरशात अण्णांची मान डोलली, म्हणजे 'हं, इथंच.' सुनेला नवल वाटलं. पुढं गटाराच्या झाकणावरून एकटं डावं चाक गेलं आणि खट-खट, कुणी दातावर दात आपटावेत तसा आवाज आला. तिनं आरशात पाहिलं. अण्णा शांत.

वळून येऊन तिनं मुद्दाम पुन्हा तेच चाक त्याच झाकणावर घातलं. खट-खट. अण्णांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. अण्णा कानानं ऐकतच नव्हते. अंगाला बसणाऱ्या दणक्यावरून अंदाज बांधत होते, कोण जाणे कधीपासून.

"चाकाला धरणारा लोअर आर्मच," गॅरेजात उतरल्यावर अण्णा म्हणाले. "पुन्हा खोलू. जॅक लाव."

बोलावं तर त्यांची चाळीस वर्षं बाईंच्या पायाशी पडणार. गप्प बसावं तर गाडी चौथ्यांदा येणार, किंवा कधीच येणार नाही. जॅक हातात घेऊन ती तशीच उभी राहिली, आणि तिला स्वतःचीही चूक दिसली. दोन्ही चाकं एकदम हलली तर आवाज नाही, एकच हललं की खटखट. म्हणजे दोष दोन चाकांना जोडणाऱ्या दांडीपाशी, तिच्या टोकाच्या लिंक रॉडमध्ये. तो तर तिनंच दोनदा हलवून पाहिला होता आणि घट्ट आहे म्हणून सोडला होता. पण दोन्ही वेळा एक चाक जॅकवर उचलून. चाक हवेत लटकलं की दांडी पिळली जाते, लिंक रॉड ताणला जातो, आणि चोर साव होऊन बसतो.

"जॅक नको अण्णा. गाडी तपासायच्या खड्ड्यावर घेते."

"चाकं जमिनीवर ठेवून काय दिसणार?"

"दिसायचं नाही. तुम्ही हात लावा."

दोघं खड्ड्यात उतरली. वरून नर्सबाईंनी डावा कोपरा दाबून दाबून हलवायचा होता. "जोर लावा, पेशंट नाहीये तो," सुनेनं खालून सांगितलं. मग अण्णांचा तळवा धरून तिनं लिंक रॉडच्या सांध्यावर ठेवला.

गाडी हलली. तळव्याखाली सांधा टकटकला. अण्णांनी हात काढला नाही.

"हे तुला गटारापाशी ऐकू आलं?"

"आलं."

"मला नाही आलं."

त्यांना ते हळूच म्हणायचं होतं. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं हळू चौकापर्यंत जातं. वरती गाडी हलायची थांबली.

"अण्णा," नर्सबाईंचा आवाज खाली आला, "मी गाडी आणते तसे तुम्ही उद्या कान घेऊन या माझ्याकडे. मी तिसऱ्या खेपेची वाट नाही बघणार."

अण्णा हसले, आणि सुनेच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. जुना रॉड काढून तिनं त्यांच्या हाती दिला. टोकाचा गोळा लहान मुलाच्या हलत्या दातासारखा डुलत होता. अण्णांनी तो बाईंना दाखवला. "हिनं शोधला. मी चाळीस वर्षं ऐकलं, पण गाडीला जमिनीवर ठेवून पकडायचं मला नाही सुचलं."

नवा रॉड बसला. अण्णांनी गाडीचं मागचं दार उघडलं. ते बसतील म्हणून सून चावी घेऊन पुढं निघाली, तर त्यांनी हात पुढं केला.

"चावी दे. चालवायला मी. तू बस."

नर्सबाई पुढं बसल्या. काचा खाली, रेडिओ बंद. सुनेनं डोळे मिटले. गतिरोधक गेला. झाकण आलं, डावं चाक उतरलं आणि चढलं. अण्णा आरशात बघत होते. विचारायची फार इच्छा होती, पण रीत म्हणजे रीत. गॅरेजच्या दारात गाडी उभी केली आणि मग वळले.

"काय?"

"खटखट गेली," सून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मागच्या डाव्या दाराची काच जराशी वाजते."

"ती सात वर्षं वाजतेय," नर्सबाई म्हणाल्या. "मी कुणाला बोललेसुद्धा नाही."

अण्णांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि छाती भरून श्वास घेतला.

"बघा बाई," ते म्हणाले, "काचसुद्धा."