न फाडलेली पानं

पुस्तक पारखायला ते वाचावं लागत नाही, असं लालासाहेब निकम उघड म्हणत. साताऱ्याच्या एका हायस्कुलात ते इतिहास शिकवत आणि सांगलीच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला तीन-चार पुस्तकांचा समाचार घेत. सामाजिक कादंबरी, खुनाची कादंबरी, घराण्यांचे इतिहास, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. त्या काळी कितीतरी पुस्तकांची पानं कडेला जुळलेलीच येत. वाचणाऱ्यानं सुरी घेऊन ती फाडायची. लालासाहेब प्रस्तावना फाडत, मधली वीस-पंचवीस पानं फाडत. कादंबरी असेल तर शेवटही फाडत. इतिहासाचा शेवट आपल्याला ठाऊकच असतो, असा त्यांचा भरवसा होता. लेखक बिचारे मात्र आपलं अख्खं पुस्तक साहेबांनी वाचलं या समजुतीत हसत किंवा रडत.

सेहेचाळीस सालच्या थंडीत रहिमतपूरकडच्या आकाराम घोरपडे नावाच्या पेन्शनर हवालदाराचं पुस्तक आलं. पंचक्रोशीतली जी माणसं लढाईवर गेली आणि परतली नाहीत, त्यांचा हा इतिहास. कोण कुठं पडला, शेवटी काय बोलला, सगळं लिहिलेलं. लालासाहेबांनी नुकताच एका खुनाच्या कादंबरीचा फडशा पाडला होता आणि हात चांगलाच तापला होता. त्यांनी झोडून काढलं: 'हा इतिहास नव्हे, कादंबरी आहे. मेलेल्यांचे शब्द हवालदारसाहेबांच्या कानी कोणी घातले? आधार एकाचाही नाही. सगळं पदरचं.'

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. तिशीच्या आतली, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात शेंगांचं गाठोडं.

"आवं सायेब, पेपरात ल्हिवणारं तुमीच न्हवं?"

तिचं नाव साळूबाई शेडगे. लालासाहेबांनी तिला बसायला सांगितलं, पण ती उभ्यानंच बोलू लागली. "माजं मालक, गुंडा, बर्म्याच्या लढाईत गेलं. सरकारनं बेपत्ता म्हून कळवलं. पर हवालदाराच्या पुस्तकात मेलं म्हून छापलंय आसं सासऱ्याच्या कानावर आलं, तवा त्यानं मालकाच्या नावानं दर्भाचा बावला करून जाळला आन् माजं कपाळ पुसलं. मग शाळंतल्या गुरुजीनं तुमचा पेपर वाचून दावला. समदं पदरचं हाय म्हून! त्याच दिशी मी कुकू लावलं. घरात लय भांडान झालं, हुंदे. आता रोज दुपारच्या गाडीला ठेसनात जाऊन हुबी ऱ्हाते."

लालासाहेबांच्या पत्नी विजयमालाबाईंचे डोळे भरून आले. सवाष्ण घरातून तशीच कशी जाऊ द्यायची, म्हणून त्यांनी साळूबाईला हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. लालासाहेबही मनातून सुखावले. आजवर त्यांच्या लेखणीनं माणसं घायाळ झाली होती, जिवंत झालेला हा पहिलाच.

ती गेल्यावर, नुसतं कौतुकानं, त्यांनी ते पुस्तक फळीवरून काढलं. गुंडा शेडगे कुठं भेटतो ते बघावं म्हणून शेवटची जुळलेली पानं सुरीनं फाडली. आत परिशिष्ट होतं. एकेका मृत्यूचा साक्षीदार, त्याचं गाव, त्याची जबानी, खाली सही नाहीतर अंगठा. आकाराम हवालदार दोन वर्षं पायपीट करून एकेकाच्या दारी गेला होता.

गुंडाच्या मृत्यूची जबानी कऱ्हाडकडच्या शमशेर मुलाणीची होती. 'तापानं गेला. खड्डा मी माझ्या हातानं खणला. जाताना मला म्हणाला, साळूकडं जा आणि तिच्या उजव्या अंगाला बसून सांग. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. हे माझ्याबिगर कुणाला ठावं नाही, घरात तिनं कळू दिलेलं नाही. माझा पाय लढाईत गेला, म्हणून अजून जाणं झालं नाही.'

लालासाहेबांनी ती जबानी अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घेतली.

त्या दिवसापासून घरात कुणीतरी राहायला आलं. पुस्तक उघडलं की खांद्यामागं श्वास लागे, तापलेल्या माणसाचा, ऊन. भिजलेल्या खाकी कापडाचा वास येई. लालासाहेब कादंबरी वाचत असोत की बखर, तो मागं उभा राहून वाचायचा आणि पान उलटायच्या वेळी हळूच विचारायचा, "सायेब, मी हाय का न्हाई?" भर वर्गात, सनावळ्या सांगताना, शेवटच्या बाकामागं तो दिसला तेव्हा त्यांच्या हातून खडू मोडला. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

दुरुस्ती छापायची तर गुरुजी ती अख्ख्या गावासमोर वाचणार. छापायची नाही तर ती बाई म्हातारी होईतो स्टेशनात उभी राहणार. तीनदा मजकूर लिहिला, तीनदा फाडला.

"तुम्ही लिहू नका," अखेर विजयमालाबाई म्हणाल्या. "तोंडानं सांगून या."

रहिमतपूरला लालासाहेब दुपारच्याच गाडीनं उतरले. ही चूक त्यांना पाऊल खाली टाकल्यावर कळली. साळूबाई डब्याडब्यातून उतरणारं एकेक तोंड न्याहाळत येत होती. त्यांना पाहून ती हसली. "सायेब! काय कळलं व्हय मालकाचं?"

बाकाकडं बोट दाखवून त्यांनी तिला बसवलं. स्वतः डावीकडं टेकले, मग उठले, बाकाला वळसा घालून तिच्या उजव्या अंगाला येऊन बसले.

तिचं हसू तिथंच थांबलं.

"ह्या अंगाला बसायला तुमाला कुनी सांगितलं?"

"शमशेर मुलाणीनं लिहून दिलंय. त्याला गुंडानं सांगितलं होतं. बाई, पुस्तक खरं होतं. मी ते वाचलंच नव्हतं."

"वाचलं न्हवतं?"

"नाही."

"वाचल्याबिगर ल्हिवलं?"

"हो."

गाडीनं शिट्टी दिली. लालासाहेब खिशातून जबानी काढून वाचू लागले, पण तिनं हातानंच थांबवलं. ती रडली नाही. पदराचं टोक घेऊन तिनं कपाळ पुसलं, दोनदा, नीट, कडेपर्यंत. मग दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. मनगटांत हिरव्यागार बांगड्या होत्या, कोऱ्या, डझनभर.

"गेल्या बारीला सासऱ्यानं फोडल्या," ती म्हणाली. "ह्या बारीला तुमी फोडा."