बाहेर आलात का?

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलायचा मनस्वी कंटाळा. त्यातून आठ वर्षांपूर्वी हाताखालचा कारागीरच त्यांचा जावई झाला, आणि होतं नव्हतं ते बोलणंही आटलं. जावयाला 'अरे' म्हणता येईना, कालपर्यंतच्या पोराला 'अहो' म्हणायला जीभ वळेना. मग "पाना कुठे ठेवलाय?" हे मिस्त्री भिंतीकडे बघून विचारू लागले. भिंत काही बोलायची नाही, पाना मात्र यायचा.

कामाचीही रीत बसली होती. जावई तळमजल्यावर लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचा. मिस्त्री गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मेन स्विच बंद करून बसायचे. काम संपवून बाहेर आला की जावई खालचं लोखंडी दार दाणकन लावायचा, आणि तो आवाज वर पोचला की मिस्त्री स्विच चालू करायचे. आठ वर्षांत एकदाही गफलत नाही.

म्हणून कंपनीने दोघांना दोन दिवस संवादाच्या वर्गात बसवलं तेव्हा मिस्त्रींचा पारा चढला. शिकवणारी बाई त्यांच्या लेकीपेक्षा लहान.

"समोरच्याला हाक मारा, मग विचारा. उत्तर आल्याशिवाय हात हलवू नका," ती म्हणाली.

"केस पिकल्यावर आता पोपटपंची," मिस्त्री पुटपुटले. निघताना तिने दोघांना एकेक वॉकीटॉकी दिला.

दुसऱ्याच दिवशी एका आठ मजली इमारतीत काम निघालं. खड्ड्यातलं, लिफ्ट थांबवायचं लाल बटणच बदलायचं होतं. म्हणजे खाली उतरलेल्याचा जीव फक्त वरच्या स्विचच्या भरवशावर. पाऊण तासाने खाली दार दाणकन वाजलं. मिस्त्रींचा हात सवयीने स्विचवर गेला. तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी टोचला.

"चला, बाईंचंही समाधान," म्हणत त्यांनी तो तोंडाशी धरला आणि समोरच्या मोटरला विचारलं, "झालं का?"

उत्तर नाही. मिस्त्री वैतागले. दार तर लागलंय, आता विचारायचं काय उरलं? त्यांनी स्विच मुठीत धरला. पण हाक मारा म्हणाली होती, आणि हाक काही मारलेली नव्हती. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि घसा खाकरला.

"जावईबापू, बाहेर आलात का?"

थोडी खरखर झाली. "नाही बाबा, आतच आहे. दोन स्क्रू राहिलेत."

मिस्त्रींनी स्विच सोडला.

"मग दार कुणी लावलं?"

"रखवालदाराने. उघडं दिसलं म्हणून."

"आणि मघाशी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला विचारलंत होय? मला वाटलं, नेहमीसारखं स्वतःशीच बोलताय."

मिस्त्री तिथेच खाली बसले. आता सगळं निभावल्यावर त्यांना भीती वाटली, आणि ती चांगलीच वाटली. जावई बाहेर येईपर्यंत ते स्विचपासून हातभर लांब बसून होते.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. "घरी आले का?"

"आत्ताच आले. का हो बाबा?"

"त्यांना दे."

जावई फोनवर आला. पुढे काय बोलायचं ते मिस्त्रींनी ठरवलंच नव्हतं.

"जावईबापू, पोचलात का?"

"पोचलो, बाबा."

"परत सांगा."

"पोचलो."

मग मिस्त्रींनी फोन ठेवला.