गालाला वाळू

बनाबा बेटावर उतरलं की परक्या माणसाने किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू गालांना चोळायची आणि आपलं नाव-गाव सांगायचं, म्हणजे तिथले पूर्वज त्याला त्रास देत नाहीत. तेआरियाबाईने साफ नकार दिला.

"मी काय पाहुणी आहे?" ती म्हणाली. "इथली लेक आहे मी."

नऊ वर्षांची असताना बेटावरच्या सगळ्यांबरोबर तिलाही इथून हलवलं होतं. पुढची सगळी वर्षं फिजीतल्या राम्बी बेटावर गेली, आणि मी बनाबाची, तुम्ही राम्बीचे, असं म्हणून तिने घरच्यांचं डोकं खाल्लं नाही असा एक दिवस गेला नाही. बरोबर आलेला धाकटा भाऊ तेबुके राम्बीतच जन्मलेला. त्याने गुमान वाळू चोळली. किनारा राखणारा इओतेबा भला माणूस. तो म्हणाला, बरं ताई, तुमची जमीन दाखवा, मग वाळू नको.

दाखवते की, म्हणत ती तरातरा निघाली. बापाची जमीन, कडेला जंगली बदाम, डोळे मिटून सापडेल. जाऊन बघते तर जमीन कुठली नि बदाम कुठला. खतासाठी खाणवाल्या कंपनीने सगळी माती खरवडून नेलेली. उरले होते नुसते दगडाचे सुळके, माडाएवढे उंच. बेट खोदलंय हे तिला ठाऊक होतं हो, पण आपली जागासुद्धा नसेल हे मेलं मन मानतच नव्हतं.

मागोमाग आलेल्या तेबुकेला गप्प बसवेना. माती ऑस्ट्रेलियाच्या कुरणांवर पडली, तो सांगू लागला, तिच्यावर गवत उगवलं, गवत गाईंनी खाल्लं, आणि त्या गाईंचं डब्यातलं मांस आलं आपल्या राम्बीच्या दुकानात.

"अक्का, दर रविवारी डबा कोण फस्त करायचं? थोडं थोडं करून बेट तूच खाल्लंस."

थट्टाच होती, त्याची खोडच ती. पण तेआरिया मटकन खाली बसली. आपला दंड तिने चिमटीत धरून पाहिला. त्या नऊ वर्षांच्या पोरीचं यात काय उरलं होतं? हाडं राम्बीच्या कंदांवर वाढलेली, रक्त राम्बीच्या पाण्याचं, कातडी किती वेळा झडून नवी आली कोण जाणे. पोरगी उरली नाही, जमीनही उरली नाही. मग इतकी वर्षं ती कुणाच्या नावाने भांडत होती? पूर्वजांनी तिला ओळखायचं तरी कशावरून?

तिला रडू फुटलं आणि ते तिने आवरलंही नाही. चुकलं माझं अक्का, असं तेबुके पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

किनाऱ्यावर परतल्यावर तिने आपणहून गालांना वाळू चोळली. इओतेबाने हळूच विचारलं, पूर्वजांना कुणाची लेक म्हणून सांगू?

"लेक नको म्हणूस," ती म्हणाली. "राम्बीची एक बाई बेट बघायला आली होती, एवढंच सांग."