शिक्का नसलेलं माप

दवाखान्याचा वजनकाटा दुपारी अडीचला दुकानात आला आणि थोरलीने त्याला लगेच ओळखलं. समोरून तिने तो कधी पाहिला नव्हता. गेले सात महिने दर पंधरवड्याला ती त्याच्यावर उभी राहत होती, पण आकड्याकडे पाठ करून. ओळख पटली ती उजव्या टाचेखालच्या सोललेल्या रबरावरून.

काटा घेऊन आलेली नर्सही तिला ओळखत होती. दवाखान्याबाहेर ओळख दाखवायची नाही असा तिथला नियम असल्यामुळे ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "जास्त दाखवतो म्हणून तक्रारी आहेत. कमी दाखवत असता तर कुणी चकार शब्द काढला नसता. सहापर्यंत होईल?"

"बसा," थोरली म्हणाली.

काटे दुरुस्तीच्या ह्या दुकानात दोघी बहिणींची वाटणी होती. सोनाराचे, किराणावाल्याचे, भाजीवाल्याचे काटे थोरलीकडे. माणसं तोलायचे धाकटीकडे. आज धाकटी गोदामाचा मोठा काटा तपासायला गेली होती आणि वीस-वीस किलोची सगळी लोखंडी वजनं गाडीत घालून घेऊन गेली होती. दुकानात उरलं होतं काय, तर दहा किलोचं एक सरकारी शिक्क्याचं वजन आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले त्यांचे वडील, आबा.

थोरलीने काटा उघडला. आत केस, धूळ आणि कुणाच्या तरी पैंजणाचं घुंगरू. साफ केला, एक सुटलेली तार जोडली, झाकण लावलं. आता भार देऊन बघायचं होतं.

"वजनं नाहीत," ती म्हणाली.

"मग उभी राहा की," आबा म्हणाले. "आपल्या मोठ्या काट्यावर आधी, मग ह्याच्यावर. दोन मिनिटांचं काम."

आबा वाईट मनाने बोलले नव्हते. तीस वर्षांपूर्वी वजनं अशीच अपुरी असायची, तेव्हा ते आठ वर्षांच्या थोरलीला उचलून शिक्क्याच्या मोठ्या काट्यावर ठेवत, आकडा भिंतीवर खडूने लिहीत आणि मग गिऱ्हाइकाच्या काट्यावर उभी करत. "आमची पोरगी म्हणजे पक्कं माप," असं सांगत. पोरगी मान ताठ करून, श्वास धरून उभी राही. अख्ख्या दुकानात तिच्याएवढी भरवशाची वस्तू नव्हती. बाराव्या वर्षी ती वाढली. भिंतीवरचा आकडा जुळेना. "माप बिघडलं गं," म्हणून आबा हसले. दोनदाच हसले. तिने मोजलं होतं.

मग माप जागेवर आणायचं तिने मनावर घेतलं. त्यात तिची पंधरा वर्षं गेली. आधी न खाण्यात, मग खाऊन ओकून टाकण्यात, शेवटी दवाखान्यात. बरी होत गेली तसं अंग भरलं. ते भरायलाच हवं होतं. पुढे काही वर्षांनी गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, थोडं वजन उतरवलेलं बरं, पण ह्या वेळी एकटीने नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी अटी घातल्या: तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा खाणं, एकही चुकवायचं नाही. जिना चढा, पण शिक्षा म्हणून नको. आकडा आमच्याकडे राहील. आणि जुनी खोड डोकं वर काढताना दिसली तर उतरवणं तिथल्या तिथे बंद, आधी तिचा इलाज.

तो कागद वाचून आबांनी विचारलं होतं, "हे उतरवायचं आहे की चढवायचं?"

आता काटा जमिनीवर होता, दिवा हिरवा लागला होता. थोरलीचा उजवा पाय चपलेतून निघालेला होता. तो कधी निघाला हे तिला समजलं नाही. एक पाऊल, आणि सात महिने ज्याच्याकडे पाठ होती तो आकडा समोर. मग संध्याकाळी अर्धी पोळी कमी. मग उद्या सकाळी पाऊण. ती वाट तिला तळपायाने पाठ होती.

नर्सने कॅलेंडर सोडून तिच्या पायाकडे पाहिलं.

थोरलीने चप्पल घातली. "माझ्यावर शिक्का नाही, आबा."

"म्हणजे?"

"मापाला शिक्का लागतो. मला तो कधीच नव्हता. तरी तुम्ही मला उभं केलंत, आणि मी वाढले तेव्हा बिघडले म्हणालात. तिथून सुरू झालं सगळं. डॉक्टरांना सांगितलंय, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुन्हा काढला. नर्स पुन्हा कॅलेंडरकडे वळली. तिथे अजून मागचाच महिना होता.

"दहा डबे लागतील," शेवटी आबा म्हणाले. "मागे पत्र्याचे आहेत."

मग बापलेकीने दहा डबे पाण्याने भरले. एकेक डबा मोठ्या काट्यावर ठेवायचा, दहा किलोच्या वजनाशी ताडून बघायचा, वाटीने पाणी काढायचं, चमच्याने घालायचं. चमचा नर्सने घेतला. सहा डबे झाले आणि थोरलीच्या फोनचा गजर वाजला. चार वाजले होते, मधल्या खाण्याची वेळ.

दुकानाचा नियम जुना होता: हातातलं काम संपल्याशिवाय खायचं नाही. नियम आबांचा होता.

"तुझं वाजतंय," आबा म्हणाले.

"चार डबे राहिलेत."

"डबे कुठे पळतायत? तू खा, मी भरतो."

थोरली खुर्चीत बसली. दोन ब्रेड, एक उकडलेलं अंडं, एक पेरू. आबा वाटीने पाणी ओतत होते आणि मध्येमध्ये वळून बघत होते, पेरू संपतो की नाही.

संपला.

काट्यावर फळी टाकून एकेक डबा चढवला. काटा दीड किलो जास्त दाखवत होता. थोरलीने स्क्रू फिरवून तो जागेवर आणला, चारही कोपरे तपासले आणि कागदावर फरक लिहिला.

"किती दिवसांपासून चुकत असेल?" नर्सने विचारलं. "आमच्या वहीतले जुने आकडे..."

"ते कळायला मार्ग नाही," थोरली म्हणाली. सात महिने जो आकडा तिला माहीत नव्हता, तो बरोबरही नव्हता. तिला जरा हसू आलं. "बाईंना सांगा, वहीत एवढंच लिहा. दुकानाचा जिना मी न थांबता चढते."

संध्याकाळी धाकटी वजनं घेऊन परतली. दारात दहा डबे बघून म्हणाली, "हा काय उद्योग? कुणीतरी उभं राहायचं की काट्यावर."

"मी राहिलो असतो," आबा म्हणाले, "पण माझ्यावर शिक्का नाही."

आणि एकेक डबा उचलून ते दारातल्या झाडांना घालू लागले.